वाचनाची चाचणी आणि मराठी लिपी

प्राथमिक शाळेत वाचनाच्या अध्यापनाचा व मूल्यमापनाचा आराखडा आखणाऱ्या शिक्षकापाशी आज साधनेच नाहीत, असे म्हणवत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके हाताशी असतात. त्याच संस्थेचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक पूरक वाचनास उपयोगी पडते. (१९६२ च्या लेखननियमांपूर्वीची बालपुस्तके मात्र, कितीही गोड असली तरी, त्यांतील अनुच्चारित अनुस्वारांमुळे नवशिक्या वाचकाच्या हाती देऊ नयेत.) मूल्यमापनासाठी ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ साली सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीतील चाचणी पुष्कळांच्या परिचयाची आहे. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा व दुसरीच्या पातळीची गोष्ट अशी तिची चढती रचना असून ती एकेका मुलाची तोंडी घेतली जाते. इतके सुटसुटीत साधन क्वचितच आढळेल.

तथापि, मूल कोणत्या पायरीवर आहे एवढेच ही चाचणी सांगते. ते तेथे का अडले हे सांगण्यासाठी ती रचलेलीच नाही. एक मूल अक्षरे ओळखूनही ती सांधण्यात फार वेळ घालविते. दुसरे केवळ जोडाक्षरापाशी थबकते. कोष्टकात दोघांची नोंद एकच होते, उपाय मात्र सर्वस्वी भिन्न असतो.

हे कारण शोधण्याचे साधन शिक्षकास लिपीच्या रचनेतूनच घडविता येते. एकट्या ‘र’चे उदाहरण घ्यावे. ‘घर’, ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दांत त्याची पाच रूपे दिसतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद मुलास डोळ्यांनी टिपता येतो काय, हे दोन शब्दांत कळते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी उभी असते. तिचीही अशीच परीक्षा घ्यावी. एका शब्दात एकच अडचण, असे दहाबारा शब्द एका चिठ्ठीवर पुरे होतात.

खरा अन्याय होतो तो उच्चाराच्या बाबतीत. ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचणारे मूल चुकले, असे नोंदविण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. वस्तुतः त्या मुलाने शब्द अचूक ओळखला व आपल्या घरच्या बोलीत उच्चारला. त्याचे वाचन पूर्ण झाले. हीच गोष्ट ‘च’ची. ‘चहा’ व ‘चाक’ यांतील ‘च’ निराळे असून लिपी तो भेद दाखवीतच नाही; मग अपरिचित शब्दात मुलाने दुसरा ‘च’ उच्चारल्यास दोष कोणाचा? अशा वेळी शब्दाचा अर्थ विचारावा. ‘विहिरीतलं’ असे उत्तर आले, की ‘पानी’ बरोबर धरावे. ‘झाडाची’ असे आले, तर मात्र ‘ण’ आणि ‘न’ या अक्षरांकडे पुन्हा वळावे. नोंदवहीत बरोबर-चूक अशी खूण न करता मुलाने जे उच्चारले तेच जसेच्या तसे लिहून ठेवावे, म्हणजे महिनाभराने त्यातील पुनरावृत्ती आपोआप नजरेस येते.