वारली नेमकी कुठल्या भाषेत मोडते?

खोडाळ्याच्या बाजारात थोडा वेळ नुसता कान देऊन उभं राहावं. नागली-वरईच्या भावावरून घासाघीस चाललेली असते. एकीकडून वारली ऐकू येते, दुसरीकडून कोकणा, पलीकडून ठाकरी नि कातकरी. तीच माणसं एसटीत चढली की कंडक्टरशी मराठीत बोलतात. मोखाडा-जव्हारकडे याचं कुणाला अप्रूप नाही. मला आहे, कारण यातली वारली मराठीची बोली की आणखी कशाची, हा साधा प्रश्न विचारला की थक्क व्हायला होतं.

जॉर्ज ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा खंड 1905 मध्ये निघाला. त्यात वारली आहे, कातकरीही आहे. आता जनगणनेचे तक्ते उघडा. तिथे वारली भेटते ती ‘भिली/भिलोडी’ या नावाखाली. डोंगर तेच, माणसं तीच, लग्नात भिंतीवर काढलेल्या चौकापुढे धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते ती बोलीही तीच. कागदावरचा रकाना तेवढा बदलला!

हे रकाने भरतात कसे? 2011 च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं 19,569 होती. छाननी होऊन त्यातल्या 1,369 मातृभाषा ठरल्या आणि दहा हजारांहून जास्त भाषक असलेल्या भाषा उरल्या 121.

बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते, हे व्याकरण एकट्याने ठरवत नाही. क्रोएशियाचं बघा. सर्ब आणि क्रोएट एकमेकांचं बोलणं सहज समजतात. 1954 मध्ये, दोघे एकाच देशात असताना, नोवी साद इथे करार होऊन दोघांची भाषा एकच असं ठरलं. पण 17 मार्च 1967 रोजी क्रोएशियातल्या झाग्रेबच्या लेखकांनी आणि संस्थांनी जाहीरनामा काढला : आमच्या भाषेला तिचं वेगळं नाव आणि दर्जा हवा. 1971 मध्ये क्रोएशियन शुद्धलेखनाचं एक पुस्तक छापलं गेलं आणि त्याच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. वाचलेल्या प्रतीवरून पुढच्या वर्षी ते लंडनमध्ये पुन्हा छापलं गेलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या पुस्तकाला सरकारने इतकं घाबरावं! पुढे क्रोएशिया स्वतंत्र देश झाला आणि 1 जुलै 2013 पासून क्रोएशियन ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे.

आणि त्या जाहीरनाम्याच्या दोनच महिने आधी, 16 जानेवारी 1967 रोजी, गोव्यात सार्वमत झालं होतं. प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हायचं का हा होता. पण कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद त्याच्या मुळाशी होता. गोवा वेगळा राहिला. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिली, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. डांग जिल्ह्यातली डांगी मराठीची की गुजरातीची, यावरही असंच रण माजलं होतं. 1 मे 1960 रोजी डांग गुजरातेत गेला.

झाग्रेबला लेखक होते, छापखाने होते, पुढे सरकारही आलं. पणजीला विधानसभा होती. वारली महाराष्ट्रात, गुजरातेत आणि दादरा-नगर हवेलीत विखुरलेली. तिचं असं सरकार कुठेच नाही. म्हणून तिचा रकाना नेहमी दुसराच कुणी ठरवत आला. वारली पोर महाराष्ट्रात पहिलीला मराठी पुस्तक उघडतं, गुजरातेत गुजराती. घरची बोली दोन्हीकडे उंबऱ्याबाहेर राहते. 2020 चं शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. खोडाळ्याच्या शाळांत ते खरोखर व्हायला हवं, आणि त्याने मराठीचं काहीही बिघडणार नाही. आपली बोली वर्गात ऐकलेलं मूल मराठीही मोकळेपणाने शिकतं.

पुढच्या जनगणनेला प्रगणक दारात येईल, मातृभाषा विचारेल. घरात वारली, कोकणा, कातकरी बोलत असाल तर तेच नाव सांगा, आणि तो तेच लिहितोय ना, हेही बघा.