खिशातील पिस्तूल आणि वस्त्रांची झीज

लहान आकाराचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर पँटच्या अथवा कोटाच्या खिशात नियमितपणे बाळगल्यास खिशाचे अस्तर, शिवणी आणि बाहेरील कापड क्रमाक्रमाने झिजते. हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उद्भवतो, कारण तेथे अनेक राज्यांत नागरिकांना कायद्याच्या चौकटीत शस्त्र झाकून बाळगता येते. ही झीज वरवर पाहता केवळ शिवणकामाचा विषय वाटते. प्रत्यक्षात तिचा संबंध सुरक्षिततेशी आहे. फाटलेल्या खिशात शस्त्र आपल्या जागी स्थिर राहत नाही, आणि जागेवरून सरकलेले शस्त्र अपघातास कारण ठरू शकते.

पार्श्वभूमी

खिशात मावेल असे पिस्तूल बनविण्याची परंपरा जुनी आहे. फिलाडेल्फिया येथील बंदूक-कारागीर हेन्री डेरिंजर यांची आखूड नळीची पिस्तुले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इतकी लोकप्रिय झाली, की ‘डेरिंजर’ हे अशा पिस्तुलांचे सामान्यनामच बनले. १४ एप्रिल १८६५ रोजी जॉन विल्क्स बूथ याने अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली, ती अशाच एका डेरिंजरमधून. त्या पिस्तुलाची एकूण लांबी सुमारे १५ सें.मी. होती.

उघडा घोडा, म्हणजे हॅमर, खिशाच्या कापडात अडकतो ही अडचण उत्पादकांच्या लवकर लक्षात आली. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८८७ पासून घोडा आत झाकलेली रिव्हॉल्व्हरे विक्रीस आणली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेली कोल्ट कंपनीची खिशातील पिस्तुले आली. १९५० च्या दशकात स्मिथ अँड वेसनने ‘सेंटेनिअल’ व ‘बॉडीगार्ड’ ही आखूड रिव्हॉल्व्हरे बाजारात आणली. त्यांपैकी पहिल्यात घोडा पूर्णपणे आत असतो, तर दुसऱ्यात तो दोन्ही बाजूंनी झाकलेला असतो. या रचनांमुळे कापडाचे ओरखडणेही काही अंशी कमी झाले. २००८ मध्ये आलेल्या रुगर एलसीपी या पिस्तुलाचे वजन गोळ्यांविना सुमारे २७० ग्रॅम आहे. जुन्या पोलादी रिव्हॉल्व्हरांचे वजन याच्या जवळजवळ दुप्पट असे.

झिजेची कारणे

पँटच्या खिशाची पिशवी बहुधा पातळ सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाची असते. ती रुमाल, नाणी व किल्ल्या यांसाठी योजलेली असते. तीत अर्धा किलोच्या आसपास भाराची, कडक कोपऱ्यांची धातूची वस्तू दिवसभर ठेवल्यास तीन प्रकारचे ताण निर्माण होतात.

पहिला ताण भाराचा. खिसा वरच्या बाजूने कंबरपट्टीला आणि बाजूच्या शिवणीला जोडलेला असतो, त्यामुळे सगळे वजन या जोडांवर येते. चालताना प्रत्येक पावलाला वस्तू किंचित उसळते व पुन्हा खाली येते, आणि तोच ताण दिवसातून हजारो वेळा पडतो.

दुसरा ताण घर्षणाचा. नळीचे टोक, नेम धरण्यासाठी टोकावर बसवलेली माशी, घोड्याचे टोक आणि मुठीवरील खाचा हे भाग कानशीप्रमाणे काम करतात. मांडी हलली की अस्तर या भागांवर घासते व धागे एकेक करून तुटतात.

तिसरे कारण घाम व तेल. घामातील क्षारांमुळे पोलादावर गंज चढतो, त्याचा डाग कापडाला लागतो आणि गंजाचा खरबरीतपणा घर्षणात भर घालतो. शस्त्राला लावलेले तेल अस्तरात मुरते, त्याला धूळ चिकटते आणि ही धूळ धाग्यांमध्ये राहून कापड आतून झिजवते.

झीज होणारी ठिकाणे

झीज सर्वत्र सारखी होत नाही. ती पुढील ठिकाणी आधी दिसते :

• खिशाचा तळ : येथे नळीचे टोक टेकते. प्रथम शिवण उसवते, नंतर कापडाला भोक पडते.
• खिशाच्या तोंडाचे दोन्ही कोपरे : शस्त्र आत ठेवताना व बाहेर काढताना येथे खेच बसते.
• खिशाची कड : हात व मूठ वारंवार घासल्याने कड प्रथम पांढुरकी पडते, मग विरते.
• बाहेरील कापड : शस्त्राच्या कडांच्या रेषेत कापडाचा रंग उडतो व आकृती उमटते. कपड्यावरून शस्त्राचा आकार ओळखू येणे यास अमेरिकेत ‘प्रिंटिंग’ म्हणतात. शस्त्र काढून ठेवल्यावरही ही उमटलेली आकृती तशीच राहते.
• कोटाचे अस्तर : कोटाच्या एकाच बाजूस भार आल्याने ती बाजू लोंबते आणि काखेपासून खिशापर्यंत अस्तर ताणले जाते.

सुरक्षिततेशी संबंध

पिस्तुलाचा चाप, म्हणजे ट्रिगर, कोणत्याही वस्तूच्या दाबाने मागे जाऊ शकतो. तो दाब बोटाचाच असला पाहिजे असे नाही. किल्ली, पेन, अस्तराची चुरगळलेली घडी किंवा फाटलेल्या कापडाचे टोक चापाच्या कडीत शिरले, तर शस्त्र ओढून काढताना गोळी सुटू शकते. खिशाचा तळ फाटल्यास शस्त्र तिरके होते, मूठ खाली जाते आणि नळीची दिशा बदलते.

शस्त्र सैल वस्त्रात सुटे ठेवण्याचे परिणाम एका गाजलेल्या घटनेत दिसले. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यू यॉर्क जायंट्स संघाचा फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस याने एका नाइट क्लबमध्ये जाताना पिस्तूल पायजम्यासारख्या मऊ पँटच्या कंबरेत खोचले होते. ते घसरू लागले तेव्हा त्याने ते धरण्याचा प्रयत्न केला आणि गोळी त्याच्याच मांडीत घुसली. त्याच्याकडे न्यू यॉर्कचा परवाना नव्हता, त्यामुळे पुढे त्याला दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. येथे पिस्तूल खिशात नव्हते, तरी तत्त्व तेच आहे. वस्त्र शस्त्राला आधार देत नसेल, तर हात नकळत ते पकडायला धावतो आणि बोट चापावर पडते. म्हणूनच घसरणारे शस्त्र पकडू नये, असा शस्त्रशिक्षणातील नियम आहे.

प्रतिबंध

होल्स्टर : खिशात बसणारे होल्स्टर हा सर्वांत महत्त्वाचा उपाय होय. ते चाप पूर्णपणे झाकते, शस्त्र उभे ठेवते आणि टोकदार भाग व अस्तर यांच्यामध्ये थर निर्माण करते. शिवाय भार रुंद पृष्ठभागावर विभागला जातो व बाहेरून आकार अस्पष्ट होतो. होल्स्टर चामड्याचे, नायलॉनचे किंवा कडक प्लॅस्टिकचे असते. बाहेरून खरबरीत असलेले होल्स्टर खिशातच राहते व शस्त्रासोबत बाहेर येत नाही. कडक प्लॅस्टिकच्या कडा स्वतःच अस्तर झिजवू शकतात, म्हणून त्या गोलसर व गुळगुळीत असाव्यात.

स्वतंत्र खिसा : ज्या खिशात शस्त्र असेल, त्यात दुसरी कोणतीही वस्तू ठेवू नये. यामुळे घर्षण कमी होते आणि चापात काही अडकण्याचा धोकाही टळतो.

कापड व शिवण : जाड ड्रिल, डक किंवा घट्ट विणीच्या ट्विल कापडाचा खिसा अधिक टिकतो. खिशाच्या तळाला दुहेरी शिवण आणि तोंडाच्या कोपऱ्यांना दाट आडवे टाके, म्हणजे बारटॅक, असावेत. कोपऱ्यांवरील ताण ही समस्या नवी नाही. नेव्हाडा राज्यातील रिनो येथील शिंपी जेकब डेव्हिस यांनी कामगारांच्या पँटच्या खिशांचे कोपरे फाटू नयेत म्हणून तेथे तांब्याच्या रिबिटी ठोकल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे कापडव्यापारी लेव्ही स्ट्राउस यांच्यासह त्यांना २० मे १८७३ रोजी या कल्पनेचे एकस्व मिळाले. जीन्सच्या खिशावरील रिबिटींचा उगम यात आहे.

सवयी : रोज तीच पँट न वापरता दोन-तीन पँटी आलटून पालटून वापराव्यात. शस्त्र कोरडे पुसून तेलाचा अगदी पातळ थर ठेवावा. आठवड्यातून एकदा खिसा उलटा करून उजेडासमोर धरावा. विरळ झालेली जागा भोक पडण्यापूर्वीच दिसून येते. काढून ठेवलेल्या किंवा खुंटीला टांगलेल्या कपड्यात शस्त्र कधीही राहू देऊ नये.

दुरुस्ती

पूर्वतयारी : दुरुस्तीपूर्वी शस्त्र बाहेर काढून, रिकामे करून, कुलपात ठेवावे. खिशात किंवा अस्तराच्या आत सुटे काडतूस राहिले नाही याची हाताने खात्री करावी. यानंतरच सुई किंवा इस्त्री हाती घ्यावी. नेमबाजीनंतर कपड्यांवर शिशाचे सूक्ष्म कण असू शकतात, म्हणून असे कपडे, विशेषतः घरात लहान मुले असल्यास, वेगळे धुवावेत.

डाग : तेलाच्या डागावर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर काही वेळ ठेवून झटकावी आणि मग भांडी घासण्याचे द्रव लावून धुवावे. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नये. गंजाच्या डागावर क्लोरीनयुक्त ब्लीच वापरू नये, कारण त्याने डाग पक्का होतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस व मीठ उपयोगी पडते.

उसवलेली शिवण : खिसा उलटा करून उसवलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंस सुमारे १ सें.मी. पुढे जाऊन पॉलिएस्टर दोऱ्याने उलटी टीप घालावी. तिच्या शेजारी दुसरी टीप घालावी. धावदोरा येथे पुरेसा नसतो, कारण एक टाका तुटला की उरलेले टाके सैल होतात.

तळाचे भोक : केवळ भोकाभोवतीचे कापड ओढून शिवल्यास खिसा आखूड होतो आणि शेजारचे विरलेले कापड लवकरच फाटते. म्हणून झिजलेला खालचा अर्धा भाग कापून टाकावा. त्याच आकाराचा, शिवणीसाठी दीड सें.मी. जागा ठेवलेला जाड कापडाचा तुकडा तेथे जोडावा. इस्त्रीने चिकटणाऱ्या ठिगळांचा गोंद धुण्याने सैल होतो, म्हणून त्यांच्या कडाही शिवून घ्याव्यात.

कोपरे व कड : कोपऱ्याच्या आतील बाजूस घट्ट पट्टीचा तुकडा ठेवून वरून दाट आडवे टाके घालावेत. विरलेल्या कडेवर त्याच रंगाच्या कापडाची उरेब पट्टी दुमडून बसवावी.

बाहेरील कापड : रंग उडालेल्या पण न फाटलेल्या जागी आतून मिळत्याजुळत्या रंगाचा तुकडा लावून उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने रफू करावे. भोक पडल्यानंतरच्या रफूपेक्षा आधी केलेले रफू कमी दिसते व अधिक टिकते.

बदल केव्हा करावा : अस्तर बोटांनी ताणताच फाटत असेल, तर ठिगळाला आधार देणारे कापडच शिल्लक नसते. अशा वेळी संपूर्ण खिसा बदलावा. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत त्या वस्त्रात शस्त्र बाळगू नये. दुरुस्तीनंतरही आधी तितक्याच वजनाची निरुपद्रवी वस्तू खिशात ठेवून, चालून, वाकून व बसून शिवणी तपासाव्यात.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत शस्त्र झाकून बाळगण्याचे नियम राज्यपरत्वे भिन्न आहेत. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात घराबाहेर स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतरही परवाने व निषिद्ध स्थळे यांविषयीचे नियम कायम आहेत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू असून परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. तथापि खिशाची झीज ओळखण्याच्या व दुरुस्तीच्या वर सांगितलेल्या पद्धती मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा किंवा हत्यारे यांमुळे फाटणाऱ्या खिशांनाही लागू पडतात.

हेही पहा

• खिसा
• रफू
• डेरिंजर
• डेनिम
• शस्त्र अधिनियम, १९५९