वीज तुटण्याआधी विचारपूस करूया

मागच्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातली एक खोली इफ्तारच्या वेळीही अंधारात होती. तिथे शिवणकाम करून दोन मुलांना वाढवणारी एक विधवा बहीण राहते. चौकशी केली तेव्हा कळले की चार महिन्यांचे बिल थकले होते आणि वीज तोडून तीन दिवस झाले होते. शिवणयंत्राची मोटर बंद, म्हणजे कमाईही बंद. त्याच आठवड्यात तिच्याकडे चार ठिकाणांहून रेशनचे किट पोहोचले होते. बिलाबद्दल मात्र आम्हा कोणालाच विचारावेसे वाटले नव्हते. या गोष्टीची आम्हाला फार लाज वाटली.

आम्ही पाच-सहा जणांनी वर्गणी काढून तिचे बिल भरले. त्या धावपळीत जे शिकलो, ते आपल्या प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे.

आधी बिल नीट वाचावे. त्यावरचे चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहावे. घर बंद असले किंवा मीटर बिघडला तर सरासरीने आकारणी होते. फरक दिसल्यास मीटरचा फोटो जोडून लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

कायदाही माहीत हवा. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागणीची रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरता येते. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एकदम भरणे जमत नसेल तर नोटीस आल्याबरोबर कार्यालयात जाऊन हप्ते मागावेत.

वापराकडेही लक्ष द्यावे. महाराष्ट्रात महिन्याला १०० युनिटच्या पुढे घरगुती विजेचा दर चढतो. एका मीटरवर दोन बिऱ्हाडे असली की दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि दोघांनाही महाग पडते. ६० वॅटचा जुना बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला जवळपास ११ युनिट खातो. ९ वॅटच्या एलईडीला दोन युनिटही लागत नाहीत. गरजू घराला चार एलईडी बल्ब देणे हीसुद्धा मदतच आहे.

आता पैशांचे. सूरह तौबामध्ये जकातचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात अडकलेलाही आहे. थकलेल्या बिलासाठी जकात कोणाला आणि कशी द्यावी, हे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. सदक्यातून तर कोणत्याही शेजाऱ्याला मदत करता येते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. मात्र मदत गुपचूप व्हावी. बिल भरण्यासाठी ग्राहक क्रमांक पुरतो. घरासमोर उभे राहून फोटो काढण्याची काही गरज नाही.

त्या बहिणीचे यंत्र पुन्हा सुरू झाले. ईदच्या आधी तिने शेजारच्या मुलींचे कपडे शिवून दिले. आम्ही आता रेशन देताना हळूच विचारतो, "आपा, बिल भरलं का?" पहिल्यांदा उत्तर "हो" असेच येते. म्हणून महिन्याभराने आम्ही पुन्हा विचारतो.