जुन्या बाहुल्यांची घरगुती दुरुस्ती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील थुरिंगिया भागात बाहुल्यांचा उद्योग भरभराटीस आला. सोनेबर्ग हे त्याचे प्रमुख केंद्र. तेथे १९०१ साली खेळण्यांचे संग्रहालयही स्थापन झाले. त्या काळातील बाहुल्या आजही अनेक कुटुंबांत जपलेल्या आढळतात. मात्र प्रेमापोटी केलेली घाईची दुरुस्ती त्यांचे कायमचे नुकसान करते. म्हणून काही गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम बाहुलीच्या मानेमागील छाप पाहावा. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे ‘जर्मनी’ असा छाप असलेली बाहुली बहुधा १८९१ नंतरची असते.

त्यानंतर ती कशाची आहे, हे ओळखावे. बिस्क म्हणजे झिलई नसलेले, भाजलेले पोर्सिलेन. त्यावरील रंगही भट्टीत पक्का केलेला असल्याने चेहरा ओलसर मऊ कापडाने अलगद पुसता येतो. धड मात्र पुष्कळदा लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याचे असते. त्याला पाणी लागल्यास ते फुगते आणि रंग सुटतो. सेल्युलॉइडची बाहुली चटकन पेट घेते. ती दिवा, इस्त्री व शेगडीपासून दूर आणि इतर बाहुल्यांपासून वेगळी, हवेशीर जागी ठेवावी.

हातपाय लोंबू लागले तर आतील रबरी दोरी सैल झाली असे समजावे. नवी दोरी बेताचीच ताणावी. अति ताणामुळे पोर्सिलेनची मान तडकते.

झटपट चिकटणारा गोंद किंवा इपॉक्सी वापरू नये. संग्रहालयांतील तज्ज्ञ पॅरालॉइड बी-७२ पसंत करतात, कारण ते अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळते व जोड सोडवता येतो. जुने रेशमी कपडे धुऊ नयेत. त्या काळी रेशमाचे वजन वाढविण्यासाठी धातूंचे क्षार वापरीत. असे रेशीम हात लावताच फाटते.

काम सुरू करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत व सुटलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवावा. चुकीचा जोड पुढची पिढी सुधारू शकेल. परंतु नव्या रंगासाठी एकदा खरवडून काढलेला मूळ चेहरा कोणालाही परत आणता येणार नाही. शंका वाटल्यास हात आवरावा आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा, हेच श्रेयस्कर.