फोटोतली प्रत्येक मोटार रोल्स नसते!

चाकांपुढे झाडू बांधलेल्या जुन्या मोटारीचा फोटो तुमच्याही मोबाईलवर येऊन गेला असेल. खाली कथा असते: लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून अलवरच्या महाराजांनी रोल्स-रॉईस गाड्या कचरा उचलायला लावल्या. कथा झकास आहे, पण फोटोतली गाडी रोल्स नाहीच, आणि फोटो भारतातलाही नाही. 1930 च्या दशकात पॅलेस्टाईनमध्ये रस्त्यांवर खिळे पसरले जात. टायर पंक्चर होऊ नयेत म्हणून मोटारींपुढे झाडू बांधत. जुन्या गाड्यांचा शौकीन समोरची जाळी पाहतो आणि तिथेच कथेची हवा काढतो.

बडोद्यात तर ही पारख करायला भरपूर वाव आहे. इथल्या मराठी घरांत राजवाडा, मिरवणूक किंवा लग्नाच्या वरातीचा एखादा जुना फोटो निघतोच, आणि मागे उभी असलेली मोटार ‘सरकारांची रोल्स’ म्हणूनच ओळखली जाते. मग खरी गाडी कोणती?

आधी नाक पाहा. देवळाच्या दर्शनी भागासारखा चौकोनी, ताठ रेडिएटर रोल्सचा. घोड्याच्या नालेचा आकार बुगाटीचा. वरच्या कडेला उभ्या पन्हाळी असतील तर डेमलर. मडगार्डजवळ बॉनेटच्या बाजूला गोल भोकांची रांग असेल, तर ब्युईक, तीही 1949 किंवा नंतरची. टोकदार नाक काढून विमानाची नक्कल करणारी गाडी दिसली, तर 1950-51 ची स्टुडबेकर. फोर्ड मॉडेल टी असेल तर पितळी रेडिएटर 1916 पर्यंतचा. 1917 पासून तो काळा झाला.

रोल्सच्या नाकावरची परी 1911 सालची, चार्ल्स साइक्स या शिल्पकाराची. ती गुडघ्यावर बसलेली दिसली, तर ती मूर्ती 1934 किंवा नंतरची, कारण ते रूप त्या साली आलं. मात्र मूर्ती मागाहूनही बसवता येते, तेव्हा तेवढ्यावर पैज लावू नका. बिल्ल्यावरचं लाल ‘आरआर’ जुनं आणि काळं नवं, हा नियमही खरा आहे, पण कृष्णधवल फोटोत त्याचा उपयोग शून्य!

नाक सापडलं म्हणजे गाडी सापडली, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉईस बॉडी बनवतच नव्हती. कंपनी इंजिन आणि चासी द्यायची. वरचा साज हूपर, बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली यांसारखे कारागीर गिऱ्हाइकाच्या लहरीप्रमाणे चढवायचे. त्यामुळे एकाच साली निघालेल्या दोन फँटम एकमेकींच्या बहिणीही वाटत नाहीत. शेवटचा निकाल चासी नंबरच देतो, आणि तो फोटोत दिसत नाही.

कॅमेराही थापा मारतो. जुन्या काचेच्या प्लेटवर निळा रंग पांढुरका उमटे आणि लाल जवळजवळ काळा. म्हणजे ‘काळी मोटार’ मुळात लालभडक असू शकते. निगेटिव्ह उलटी छापली गेली, तर स्टिअरिंग डाव्या बाजूला जातं आणि घरात ‘अमेरिकेहून आणली होती’ अशी दंतकथा सुरू होते. अशा वेळी मागच्या दुकानाची पाटी वाचा. अक्षरं उलटी असतील तर खुलासा झाला. धावत्या गाडीची चाकं लंबगोल आणि पुढे कललेली दिसतात, तो दोष चाकांचा नाही, शटरचा. त्याची पट्टी प्लेटवरून सरकेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. फ्रान्सच्या जाक-आंरी लार्तिगचा शर्यतीचा फोटो या एका दोषामुळे जगप्रसिद्ध झाला.

बडोद्यात फोटोची कला मोटारीच्या आधी आली. दादासाहेब फाळके 1890 साली इथल्या कलाभवनात फोटोग्राफी शिकत होते. मुंबईच्या रस्त्यावर मोटार यायला तेव्हा अजून आठ वर्षं होती.

पार्श्वभूमी चुगली करते. न्यायमंदिर 1896 सालचं, म्हणून फारसं कामाचं नाही, मोटारीच त्यानंतरच्या. कीर्तिमंदिर दिसलं तर फोटो 1936 च्या सुमाराचा किंवा पुढचा. सुरसागरात उभा शंकर दिसला, तर ‘आजोबांच्या काळातला फोटो’ हे विसरा. नंबरप्लेटही बोलते. संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, 1960 मध्ये गुजरात वेगळं झालं आणि 1989 नंतर जीजे-6 आलं. फक्त नंबर नवा म्हणून गाडी नवी ठरत नाही.

आता गंमत पाहा. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शिवडीला शेवरोलेची जोडणी सुरू केली. त्यामुळे 1930 च्या दशकातल्या बडोद्याच्या फोटोत रोल्सपेक्षा शेवरोले निघण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि माझ्या मते जुन्या शेवरोलेला नाकं मुरडण्याचं काही कारण नाही. हिंदुस्थान मोटर्सचा पहिला जोडणी कारखानाही 1942 साली ओखा बंदरावर निघाला, आणि ओखा तेव्हा गायकवाडांच्याच राज्यात होतं! कंपनीची पहिली गाजलेली गाडी, हिंदुस्थान टेन, ही मॉरिस टेनची आवृत्ती. आज बडोद्याजवळ हालोलला ज्या एमजी गाड्या बनतात, त्या नावामागचा विल्यम मॉरिस आणि मॉरिस टेनचा मॉरिस एकच.

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरच्या जुन्या गाड्यांची स्पर्धा भरली होती. अशा स्पर्धांत मूळ रंग, दिवे, टप यांवरून वाद झाला की जुना फोटोच साक्षीदार ठरतो. सरकारी नियमाने 50 वर्षं पूर्ण झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. 2021 पासून तिला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. म्हणजे घरची 1974 ची फियाटही आता पात्र!

तेव्हा अल्बम काढाच. फोटो स्कॅन करताना कडा कापू नका, कारण अर्धं मडगार्ड आणि दुकानाची पाटी तिथेच असते. घरातल्या वयस्कर माणसांना साल आणि जागा विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. बॉलपेनने नको; दाब पुढून उमटतो.