परसातला कारखाना : पॅनेलचा की लाकडाचा?

भाड्याचा गाळा सोडून घरामागच्या परसात छोटा कारखाना उभारावा, असे आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या मनात असते. मग प्रश्न पडतो : पफ पॅनेल घ्यावे की लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकावेत?

पफ पॅनेल म्हणजे दोन रंगीत पत्र्यांमध्ये भरलेला पॉलियुरेथेन फोम. ५० मि.मी. जाडीचे पॅनेलही ऊन चांगले अडवते, शेड लवकर उभी राहते आणि वाळवीची भीती नाही. मात्र हा फोम पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा थिनर-पॉलिशचे काम असेल तर पफ नकोच. रॉकवूल भरलेले पॅनेल मागावे. ते वजनाला जड, उष्णताही थोडी कमी अडवते, पण रॉकवूल पेट घेत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून आत काय भरले आहे ते बिलावर लिहून घ्यावे.

लाकूडही पेटते, हे खरे. पण त्याची सोय वेगळी. यंदा सांगाडा आणि छप्पर, पुढल्या वर्षी भिंती, असे हात चालेल तसे बांधता येते. पॅनेलचे पैसे बहुधा एकदम मोजावे लागतात. त्यासाठी व्याजाने कर्ज काढण्यापेक्षा लाकूड बरे, असे आम्हाला वाटते.

कोकणात मात्र खांब मातीत पुरू नयेत. फूटभर उंच जोत्यावर लोखंडी पट्ट्यांनी बसवावेत. पत्र्याखाली अस्तरही हवेच, नाहीतर मे महिन्यात दुपारचे काम बंद समजा.