भर शर्यतीत पालथी होणारी होडी

शर्यत ऐन रंगात आलेली असते. तीन अरुंद लाकडी होड्या, थाळीच्या ठोक्यावर एका दमात पडणारी वल्ही, काठावर आरडाओरडा. तेवढ्यात इशारा होतो, सगळे वल्हेकरी समुद्रात उड्या टाकतात आणि स्वतःचीच होडी चक्क पालथी घालतात!

हे घडतं जपानच्या दक्षिणेला, ओकिनावा बेटावरच्या इतोमान या मच्छीमारांच्या गावी. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या चतुर्थीला इथे ‘हारे’ हा सण असतो. बहुतेक वर्षी आपली ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीही त्याच सुमारास येते. आपण तेव्हा पावसाची वाट बघत असतो. ओकिनावात मात्र हारेची थाळी वाजली की पावसाळा संपला, असं म्हणतात.

या उलट्यापालट्या शर्यतीचं नाव ‘कुन्नुकासे’. होडी पालथी केली की लगेच सुलटी करायची. ती काठोकाठ भरलेली असते. मग पाण्यात पोहत तिला हेलकावे देऊन निम्मं पाणी सांडायचं, उरलेलं उपसायचं, आणि ती पुन्हा कलंडणार नाही अशा बेताने दोन्ही बाजूंनी आत चढायचं. दंडाच्या जोरावर मिळवलेली आघाडी इथे क्षणात जाते.

हा नुसता खेळ असेल असं वाटतं, पण नाही. इथली ‘सबानी’ होडी तळाशी निमुळती, म्हणून पटकन कलंडते. पण तिच्या देवदारासारख्या सुगी लाकडाच्या फळ्या जाड आणि हलक्या, त्यामुळे ती बुडत नाही. फळ्या जोडायला लोखंडी खिळा नाही. बांबूचे खिळे आणि फुलपाखराच्या आकाराच्या लाकडी पाचरी, वर शार्कच्या यकृताचं तेल. वादळात सापडलेले मच्छीमार तिला आपणहून पालथी करत, धरून राहत, वारा पडला की सुलटी करून घरचा रस्ता धरत. जीव वाचवायची ही विद्या गाव दरवर्षी सगळ्यांसमोर घटवून घेतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सणाची सुरुवात ८५० मीटरच्या प्रार्थना-शर्यतीने होते, मग वल्हेकरी हाकुगिन-दो देवस्थानी जाऊन निकाल सांगतात. शेवटची ‘आगाई सूबु’ २,१५० मीटरची. तिच्यासाठी गावातल्या तीन जुन्या वस्त्या आपापले सगळ्यांत तगडे गडी राखून ठेवतात.